माचय्याची दुनळी आणि नको तो दुसरा बार

नेल्लेयंडा माचय्याने आयुष्यात दोनच कामं धड केली, असं त्याची बायको देच्चम्मा येईल-जाईल त्याला सांगायची. पलटणीत असताना घोंगड्या वाटल्या आणि पेन्शन घेऊन कोडगूत परत आल्यावर बंदूक पुसली. बस्स! बाकी कॉफी देच्चम्मा बघायची, भात देच्चम्मा बघायची, डुकरं, कोंबड्या, गडी, बाया, सगळं तीच. माचय्या सकाळी मिशीला पीळ द्यायचा, मग पडवीत बसून मांडीवर आजोबांची दुनळी घ्यायचा आणि तिला तेल लावत बसायचा. एवढं तेल देच्चम्माच्या केसांना लग्नापासून मिळालं नव्हतं.

आणि बंदूक होती पण तशीच हो. अक्रोडाचा दस्ता, त्यावर आजोबांच्या हाताने घासून घासून आलेली चकाकी, दोन्ही नळ्या आरशासारख्या. कैलपोळ्दच्या सणाला सगळं गाव आपापल्या बंदुका देवापुढे मांडून कळलावीची फुलं वाहायचं, तेव्हा माचय्या आपल्या दुनळीसाठी फुलं निवडायला पहाटेच रानात जायचा. मुलाच्या लग्नात नवरीसाठी हार विसरला होता हा माणूस. गजरा नाही, काही नाही. बंदुकीची फुलं मात्र एकदाही विसरला नाही!

पलटणीच्या गोष्टी सांगायचा तेव्हा छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्या घाबराव्यात. "मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. तोंडावर सांगतो. जे असेल ते तोंडावर!" समोर बसलेले लोक मान डोलवायचे. आतून देच्चम्मा ओरडायची, "मग दूधवाल्याला सांगा ना तोंडावर, पाणी घालतो म्हणून." की माचय्या एकदम कान कोरायला लागायचा.

आता कुशालप्पा. म्हणजे कुशा. ओढ्यापलीकडच्या घरात राहायचा, माचय्याचा शाळेपासूनचा जिवलग. कुशाकडे स्वतःचं असं धड काहीच नव्हतं आणि अडत पण काहीच नव्हतं. शिडी माचय्याची, फवारणीचा पंप माचय्याचा, पावसाळ्यात छत्री माचय्याची. वस्तू परत यायची, यायची ना, पण पूर्ण नाही यायची. शिडीची एक पायरी कमी. पंपाचा नळ गायब. छत्री आली ती नुसती काठी म्हणून आली. माचय्या दर वेळी "होतं असं" म्हणायचा आणि आत जाऊन भिंतीला शिव्या घालायचा.

पण दुनळी? दुनळीला कुशाने हातसुद्धा लावला नव्हता तोवर. मग भात पिकायला लागलं, रानडुकरं उतरायला लागली आणि एका संध्याकाळी दारूच्या दुकानात कुशा माचय्याला चिकटून बसला.

"माचू, दुनळी दे ना. डुकरांनी पार वाट लावलीय रे शेताची."

"तुझी बंदूक कुठंय?"

"गंजलीय. घोडाच वर येत नाही."

"मग पूस."

"पुसतो ना. पण मी पुसेपर्यंत डुकरं काय पाट मांडून बसणारेत?"

"नाही म्हणजे नाही, कुशा. आजोबांची आहे ती."

"बरं, राहू दे." कुशाने पेला संपवला, तोंड पुसलं, उगाच सुस्कारा सोडला. "तसं लोक म्हणतातच म्हणा."

"काय म्हणतात?"

"जाऊ दे रे."

"काय म्हणतात ते सांग!"

"की माचय्याची दुनळी नुसती फुलं वाहायलाच. वाजत नाही."

झालं! संपलं! माचय्या ताडकन उठला, घरी गेला, देच्चम्मा जेवायला वाढत होती तिच्याकडे न बघता दुनळी खांद्यावर टाकली आणि परत येऊन कुशाच्या हातात कोंबली. "घे. आणि अख्ख्या गावाला ऐकव, वाजते की नाही ते." कुशाने ती अशी घेतली जशी शिडी घ्यायचा. अगदी तशीच.

दुनळी परत आली ती कुशाच्या बायकोच्या जुन्या गोधडीत गुंडाळून, सोबत चार कच्ची केळी. गोधडी सोडली तर आधी चेरी बूट पॉलिशचा वास आला. मग माचय्याला दिसलं. दस्त्याला मुठीपासून खालपर्यंत तडा, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीवर पॉलिश फासून लाकडासारखा रंग आणायचा प्रयत्न केलेला. उजवा घोडा अर्ध्यात अडकत होता.

"हे काय रे?" माचय्याचा आवाज मांजरीच्या पिलासारखा निघाला.

"दव पडतं ना शेतात. लाकूड फुगलं जरा."

"आणि चिकटपट्टी?"

"ती मी मुद्दाम लावली तुझ्यासाठी. पकड काय येते बघ! शहरात लोक पैसे देऊन लावून घेतात."

"डुक्कर मिळालं?"

"डुकराचं नाव नको काढूस," कुशा म्हणाला आणि जाताना पडवीतली शिडी घेऊन गेला. आणि माचय्याने ती दिली! स्वतःच्या हाताने काढून दिली!

खरं काय झालं ते कॉफी वेचणाऱ्या बायांनी देच्चम्माला सांगितलं. कुशाची जीप ओढ्यात रुतली होती, आणि कुशाने चाकाखाली पहार घालावी तशी दुनळी घातली, दस्त्याकडून, आणि वर उभा राहून दाबली. जीप निघाली. आजोबांचं लाकूड कडकन बोललं.

देच्चम्मा कंबरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. "आता जा आणि सांगा. तोंडावर. आणि दुरुस्त करून घ्या त्याच्याकडून. सुनेचे दिवस भरत आलेत, बार काढायचाय ना तुम्हाला?"

खरी गोम तिथे होती. घरात मूल जन्मलं की अंगणात बंदुकीचा एक बार काढायचा, ही इथली रीत. एक बार म्हणजे आनंद, गाव ऐकतं आणि हसतं. लागोपाठ दोन बार म्हणजे माणूस गेलं, आणि मग ज्याच्या हातात जे काम असेल ते टाकून अख्खं गाव पांढरे कपडे घालून त्या घरी येतं. माचय्याचं पहिलं नातवंड होतं हे. सून चोंदम्मा माहेरी गेली होती बाळंतपणाला. पूर्वी मुलगा झाला तरच बार काढायचे, पण देच्चम्माने आधीच दम भरला होता, "मुलगी झाली तर काय डबा वाजवणार? बार निघालाच पाहिजे." आणि माचय्याने गेले कित्येक महिने दिसेल त्याला सांगून ठेवलं होतं की असा बार निघेल, असा निघेल, की डोंगरापलीकडे ऐकू जाईल.

मग माचय्या रोज दाढी करताना आरशाशी बोलायला लागला. "कुशा, हे बरोबर नाही." "कुशा, मला तुझ्याशी बोलायचंय." एकदा तर आरशाला इतकं झापलं की गालावर वस्तरा लागला. तेवढ्यात बाहेरून कुशाची हाक, "माचू, आहेस का?" आणि हा गालाला फडकं लावून बाहेर, "ये ये, कॉफी घेणार?" देच्चम्माने त्या दिवशी कॉफीत साखरेऐवजी मीठ घातलं. दोघांच्याही. कुशाने अख्खा पेला पिऊन वर अजून मागितली, असा माणूस!

आणि ते तसंच राहिलं. एके सकाळी विराजपेटेहून येणारी बस वळणावर थांबली आणि कंडक्टर अब्दुल्ला दारात लटकून ओरडला, "माचय्या अण्णा! मुलगी झाली! दोघी ठणठणीत! देच्चम्मा अक्काला सांगा, सुनेच्या आईने कळवलंय!" बस निघून पण गेली. माचय्याच्या डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं, मिशीपर्यंत. तो धावत आत गेला, दुनळी काढली आणि मग त्याला उजवा घोडा आठवला.

बार नाही निघाला तर? नुसतं टिक झालं तर? पलीकडे कुशा ऐकतोय, शेजारचा पुवय्या ऐकतोय, सगळे ऐकताहेत! कुणी शहाणा असता तर शेजाऱ्याची बंदूक मागून आणली असती. पण मागायची म्हणजे का हवी ते सांगायला लागणार. त्यापेक्षा माचय्याने डोकं चालवलं. दोन्ही नळ्या भरल्या. उजवी नाही वाजली तर डावी वाजेल, कुणाला काय कळतंय!

अंगणात उभा राहिला, छाती काढली, नळी आभाळाकडे केली आणि उजवा घोडा ओढला. उजवी वाजली. झकास वाजली. आणि तिचा धक्का त्या तडकलेल्या दस्त्यात असा काही बसला की डावीसुद्धा आपली आपण सुटली.

धाड! धाड!

माचय्या उलटा जाऊन शेणाच्या खड्ड्यात बसला.

देच्चम्मा धावत आली, वर आभाळाकडे बघितलं, खाली नवऱ्याकडे बघितलं. "अहो, दोन?"

"एकच काढला मी," माचय्या खड्ड्यातून म्हणाला.

खांदा सुजून भोपळा झाला होता. देच्चम्माने त्याला ओढून काढलं, अंगावर पाणी ओतलं, समोरच्या खोलीत खाटेवर आडवा केला, त्याच पलटणीच्या घोंगडीने गळ्यापर्यंत झाकला आणि एरंडाची पानं गरम करायला मागच्या दारी गेली. माचय्याने लाजेने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

पहिला पोचला कुशा. ओढा ओलांडून, धोतर भिजवून, धापा टाकत. दारातून वाकून बघितलं तर खाटेवर माणूस, तोंडावर घोंगडी, घर चिडीचूप. "माचूऽऽ!" असा काही हंबरडा फोडला की कोंबड्या उडाल्या. आत यायची हिंमत झाली नाही, पडवीच्या बाकावर कोसळला. मग पुवय्या आला, पांढरा सदरा उलटा घातलेला. मग काठी टेकत म्हातारे सुब्बय्या अज्जा. मग बायका, पांढऱ्या साड्यांत, पदर डोळ्याला.

माचय्या उठणार होता. शपथ, उठणारच होता! पण तेवढ्यात बाहेर कुशा म्हणाला, "असा माणूस होणार नाही," आणि माचय्या परत आडवा झाला. जरा ऐकू तर.

"वाघ होता वाघ," पुवय्या म्हणाला. माचय्याची छाती घोंगडीखाली फुगली.

"मनाचा राजा," एक बाई म्हणाली. "कधी कुणाला उलट बोलला नाही."

"बोलणार कसा? घाबरायचा ना," सुब्बय्या अज्जा म्हणाले. छाती खाली गेली.

"नका हो असं बोलू मेलेल्याबद्दल," कुशा हुंदके देत म्हणाला. "मला माहितीये तो कसा होता. शेवटी शेवटी परिस्थिती बरी नव्हती बिचाऱ्याची. ती दुनळी बघितलीत? आजोबांची? मोडकी होती. तडा गेलेला, घोडा अडकलेला. मला दिली शेतावर न्यायला तेव्हाच तशी होती. मी एक अक्षर बोललो नाही. गुपचूप पट्टी लावली, पॉलिश केलं, माझ्या पदरचं. म्हटलं माचूची लाज ती माझी लाज. आज देवासमोर सांगतो, मी ती दुनळी होती त्यापेक्षा चांगली करून परत दिली."

बायका "अगं बाई, काय जीव लावला होता" म्हणत रडायला लागल्या.

आणि खाटेवरची घोंगडी उडाली.

"खोटारड्या!"

पुवय्या बाकावरून खाली. दोन बायका अंगणात. कुशाचं तोंड उघडं ते उघडंच. माचय्या दारात उभा, एक हात लोंबतोय, केसात शेण, आणि आवाज असा की त्याच्याच कानाला नवा. "जीपखाली घातलीस तू! ओढ्यात! पहारीसारखी! वर उभा राहून दाबलीस! शिडी मोडलीस, पंप मोडलास, छत्रीची काठी केलीस, मी कधी काही बोललो? बोललो का? माझ्या नातीचा बार होता तो! माझ्या नातीचा!"

"माचू, तू जिवंत आहेस?" कुशा पुटपुटला.

"तुझ्या दुर्दैवाने!"

मागच्या दारातून देच्चम्मा गरम पानं घेऊन आली आणि तिथेच थबकली. पानं थंड होऊन गेली तरी ती नवऱ्याकडे बघतच राहिली.

"पण दोन बार झाले म्हणजे कुणीतरी गेलंय," सुब्बय्या अज्जा अडून बसले. "नीट बघा घरात."

"कुणी नाही गेलं अज्जा, नात झालीये," देच्चम्मा म्हणाली.

"मग मी एवढा चढ चढून कशाला आलो? निदान कॉफी तरी सांग."

पुवय्याने सुचवलं की आता आणखी एक बार काढू, म्हणजे लोकांना कळेल. त्यावर पडवीत भांडण जुंपलं. दोन झालेत, त्यात एक म्हणजे तीन, आणि तीनचा अर्थ काय? एक बाई म्हणाली, नवरा गेला, बायको पण गेली असं समजतील लोक. वळणावरून अजून पांढरे कपडे येताना दिसत होते. ओढ्यापलीकडून, डोंगरावरून, सगळीकडून. आता एकेकाला गाठून, घरोघर जाऊन सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"हा जाईल," माचय्या म्हणाला. कोपऱ्यातली दुनळी उचलून त्याने कुशाच्या खांद्यावर ठेवली, तडा गेलेली बाजू पुढे करून. "प्रत्येक दारात जायचं. नात झाली ते सांगायचं, आणि दोन बार का झाले ते पण सांगायचं. सगळं."

"सगळं म्हणजे अगदी जीपपासून?"

"जीपपासून."

"तुझा खांदा सुजलाय माचू, तू पड जरा. मी एकटा सांगतो ना व्यवस्थित."

"नाही. मी येणारे."

पहिलंच घर पुवय्याच्या चुलतभावाचं. म्हातारी पांढरी साडी नेसून निघायच्याच बेतात, उंबऱ्यात उभी. कुशाने घसा साफ केला, दुनळी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "अव्वा, आनंदाची बातमी. माचूला नात झाली. आणि काय झालं, दवाने बंदुकीचं लाकूड जरा..."

मागून, शेणाच्या वासासकट, माचय्याचा आवाज आला.

"चूक. परत सांग."