मोहाखालचा चेंडू
चैत्रात मोहफुलांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. चंद्रपूरजवळच्या एका कॉलनीच्या गोल्फ क्लबात मी खेळ शिकवायचो आणि स्पर्धेत पंचही असायचो. स्पर्धेच्या एका सकाळी मोठ्या साहेबांचा चेंडू मोहाच्या झाडाखाली गेला आणि तिथं फुलं वेचणाऱ्या बाईनं तो उचलून टोपलीत टाकला. नियम सरळ होता, चेंडू होता तिथंच परत ठेवायचा. साहेबांनी बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या कडेला उभं राहून फटक्याला सोपी, मोकळी जागा दाखवली. बाई बुंध्याजवळ बोट दाखवून म्हणाली, "इथी होता भाऊ. तिकडे तं मी अजून गेलीच नाई." खरंच, बुंध्याभोवतीची जमीन वेचून साफ झाली होती आणि साहेबांच्या बुटांखाली फिकट पिवळा सडा तसाच पडलेला होता. मला ते दिसत होतं. पण माझी नोकरी त्यांच्या सहीवर होती, म्हणून मी चेंडू त्या न वेचलेल्या फुलांत ठेवला. बाई खाली वाकून पुन्हा वेचू लागली. आजही शिकवताना कुणीतरी विचारतं, चेंडू नेमका कुठं होता हे कसं ठरवायचं? ज्यानं उचलला त्याला विचारा, असं मी सांगतो आणि घाईनं विषय बदलतो.