गुळाचा खडा आणि घरचा टॅबलेट
गोवऱ्यांवर ज्वारीची कणसं भाजल्याचा वास आला की मला वालूरच्या शेतातली ती सकाळ आठवते. दाजींची शुगर वाढली म्हणून बहिणीने त्यांचा गूळ बंद केला होता, आणि दाजी तर गुळाशिवाय हुरड्याला हात लावत नसत. त्या दिवशी बहीण घरीच होती. आगटीतून कणसं निघाली, चोळलेला हिरवागार हुरडा समोर आला, तसा दाजींनी गुळाचा खडा दातात धरला आणि ऐटीत स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "काढा फोटो, पाव्हणं." मी काढला. थोड्याच वेळात दाजींना बहिणीचा फोन आला. "एक खडा तोंडात हाय, दुसरा डाव्या हातात हाय. ठिवा खाली." दाजींनी खडा ठेवला, आधी कणसं भाजणाऱ्या सालगड्याकडे संशयाने पाहिलं, मग आभाळाकडे. माझ्या मात्र लक्षात आलं. दिवाळीत मीच त्यांचा फोन आणि घरचा टॅबलेट एका खात्याला जोडून दिला होता. इकडचा प्रत्येक फोटो आपोआप तिकडे दिसत होता. "एवढंच व्हय? करा की बंद," दाजी म्हणाले. मी सेटिंगमध्ये जाऊन सिंक बंद केलं. दाजींनी निवांत मांडी ठोकली आणि गुळाची ढेपच पुढे ओढली. या वेळी माझा मोबाइल वाजला. "फोटो यायचे बंद झाले," बहीण शांतपणे म्हणाली, "म्हंजी आता लय खायलेत." हल्ली शुगर मलाही आहे. हुरड्याला गेलो की मी माझ्या फोनचं आमच्या घरच्या टॅबलेटशी सिंक चालूच ठेवतो आणि फोटो फक्त कणसांचे काढतो.