आईकडे येणारे जहागीरदार

हसाल तुम्ही, पण सांगतोच. तळमजल्यावरच्या एका सत्तरीच्या, पापभीरू विधुराला मी ‘माझ्या आईचा नाद सोडा’ म्हणून दम भरलाय!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाशिक रोडला राहायचो. बाबा गेले आणि आई मिटूनच गेली. दुपारपर्यंत अंथरुणात, केसांना फणी नाही. मग अचानक ती दर मंगळवारी नाशकातल्या द्वारकेला, चौकाजवळ राहणाऱ्या ‘मैत्रिणीकडे’ जायला लागली. इस्त्रीची साडी काय, गजरा काय! मला बरंच वाटलं.

एकदा मी जेवायला घरी आलो, तर आई फोनवर मावशीला सांगत होती, “अगं, जहागीरदार आज पहाटेच आले. अंथरुणातून उठूच देईनात!”

माझ्या हातातली चप्पल हातातच!

“मी म्हटलं, बसा तिथे दाराशी. मी आंघोळ करून येते.”

आता सांगा, कोणता मुलगा गप्प बसेल? तसाच तळमजल्यावर गेलो. जहागीरदारकाका मटार सोलत होते.

“काका, आईकडे येणं बंद करा!”

“मी?” त्यांच्या हातातली शेंग पडली. “अरे सुहास, या गुडघ्यांनी मला जिना तरी चढवतो का?”

पण माणूस इतका घाबरला, की कठड्याला धरत, कण्हत, तीन मजले चढून आईपुढे हात जोडून उभा राहिला. “वहिनी, माझं काही चुकलं का?”

आईला सगळं कळलं आणि ती कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

“अहो, तुम्ही नाही! द्वारकेला एक समुपदेशक बाई आहेत. त्या म्हणाल्या, उदासी म्हणजे तुम्ही नव्हे. ती वेगळी, तुम्ही वेगळ्या. तिला नाव द्या, तिच्याशी बोला. माझ्या माहेरी एक जहागीरदार यायचे, बसले की उठायचेच नाहीत. तेच नाव सुचलं मला!”

आणि आई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा!

काका मात्र हळूच म्हणाले, “माझ्याकडेही येतं कुणीतरी. दिवेलागणीला. ही गेल्यापासून.”

आईने चहाचं आधण ठेवलं. “मग नाव द्या की त्याला.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “सुहास ठेवू? न बोलावता येतो, जीव घाबरा करतो.”

“छे, ते नको,” आई म्हणाली. “तो काही केल्या जात नाही. अनुभव आहे मला!”