तळ्याकाठचं गवत

कापसाने माणसांना रडवलं त्या वर्षांत मी दिग्रसकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात शेण तपासायचे. शेण पाण्यात कालवायचं, गाळून घ्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं. पाणी निवळेपर्यंत हेच. मग निळ्या रंगाचा थेंब टाकून गाळ काचेवर घ्यायचा. सारा चोथा निळा होतो. यकृतातल्या चपट्या जंतांची अंडी तेवढी सोनेरी राहतात.

"शेणात सोनं पाह्यता का वो बाई?" बाकावरचे गडी हसायचे.

"सापडलं तर तुमच्याच गाईचं," मी म्हणायचे.

एक बाई खंगलेली गाय घेऊन आली. गाईच्या जबड्याखाली पाणी धरलेली सूज पिशवीसारखी लोंबत होती. बाईचा नवरा आदल्या हंगामात कपाशीवर फवारताना विष अंगात भिनून गेला होता.

"ते बलावून राह्यले तिले," ती शांतपणे म्हणाली. "फवारा झाला का ते तळ्यावर हातपाय धुवत. तिथं गेली का गाय हालतच नाई. मले बी तिथंच बरं वाटते."

काचेवर अंडीच अंडी होती. मी तिला दाखवली, गाईला औषध पाजलं आणि सांगितलं, "तळ्यातल्या शंखाच्या गोगलगायींतून हे जंत काठच्या गवतावर येतात. गाय तिकडे न्यायची नाही."

"मंग त्याहिले भेटू कुठं?"

"तुम्ही जा. गाय नको."

माझी बस त्याच तळ्यावरून जायची. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी तळं दिसू नये म्हणून मी पलीकडच्या खिडकीशी बसू लागले.

सूज उतरली. पुढे उन्हाळ्यात ती परत आली. शेणात पुन्हा अंडी. मला वाटलं, औषधच कमी पडलं.

"गाय नेली होती?"

"नाई वो ताई, एकडाव बी नाई." मग खाली बघत म्हणाली, "गवत कापून आणलं. ते बसत तिथलं. तिले बी त्याहिचं काही पाह्यजे न."

मी चिडले होते. पण नाही म्हटलं असतं तरी तिने आणलंच असतं.

"पाण्यातलं कापू नका, वरचं कापा. छपरावर हातात चुरा होईल इतकं वाळवा, म्हणजे त्यावरचे जंत मरतात. मगच घाला."

पुढच्या वेळी काच साफ निघाली. गाय बरीच वर्षं जगली, म्हातारी होऊन मेली. परवा त्या बाईच्या वस्तीवरून गेले. गोठ्यात खुंटासुद्धा राहिला नव्हता. छपरावर ओलं गवत पसरलेलं होतं, आणि ती ते उलटंपालटं करत होती.