न जुळणारी नडगी

घरांच्या भिंती रंगवायला त्याला सहसा शिडी लागत नसे, इतका तो उंच. म्हणून या रंगाऱ्याला सगळे 'उंट' म्हणत. शाळेच्या जिन्यावरचं छत मात्र त्याच्याही हाताबाहेरचं होतं. तिथं शिडी सरकली आणि उंटाची डावी नडगी मोडली.

ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी बसवली, टाके निघाले, पण हाड काही जुळेना. हिवाळा सरला, उन्हाळा आला, तरी पाय टेकला की कळ मस्तकात जायची. "वय झालं, दुसरं काय," म्हणत तो गॅलरीत कुंड्यांच्या आडोशाला सिगारेट ओढत बसायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

त्याची सून एका प्रयोगशाळेत हाडांवरच काम करायची. पण सासरा-सुनेचं बोलणं कधी 'जेवलात का'च्या पुढं गेलं नव्हतं. एका रविवारी ती गॅलरीत त्याच्या शेजारी येऊन बसली आणि मोबाइल पुढं केला. त्यावर उंदराच्या वाढत्या हाडाच्या, रंग दिलेल्या पातळ कापाचा फोटो होता.

"या लाल रेषा कसल्या?" त्यानं विचारलं.

"बारीक रक्तवाहिन्या, बाबा. त्यांच्या भिंतीतल्या पेशी नुसतं रक्त वाहू देत नाहीत. मोडलेल्या जागी त्या शिरतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. हे हिरवे ठिपके त्या बांधणाऱ्यांचे. बघा, कसे रेषेला बिलगलेत."

"आणि लाल नसेल तिथं?"

"तिथं हाड धरायला फार अवघड."

त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग हातातल्या सिगारेटकडं पाहून म्हणाला, "आणि हिचं?"

"धुरानं त्या वाहिन्या आखडतात. नव्या नीट फुटत नाहीत."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

त्यानं सिगारेट सोडली. म्हणजे सोडली, पुन्हा धरली, घर डोक्यावर घेतलं, बायकोशी भांडला आणि मग खरंच सोडली. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन करून कमरेच्या हाडाचा तुकडा फटीत बसवला. या वेळी एक्स-रेत फट हळूहळू पांढुरकी होत भरून आली. गुण कशाचा, असं विचारलं तर सून म्हणते, "दोन्हींचा असावा."

पाय किंचित आखूड राहिला. उंचावरचं काम आता बायको करते. तो खालून सूचना देतो, ती ऐकत नाही. संध्याकाळी सून आली की दोघांच्या गप्पा अशा रंगतात की मुलगा कुरकुरतो, "या घरात माझ्याशी कुणी बोलणार आहे का?"