मामा छपरावरून उतरले

माझ्या बायकोच्या मामांइतका स्वतःच्या छपरावर जीव असलेला माणूस उभ्या मुंबईत दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. प्रभादेवीच्या गल्लीत चहूबाजूंनी टॉवर उठले, तरी त्यांचं बैठं कौलारू घर आपलं ठाण मांडून बसलं होतं. दर मे महिन्यात मामा लुंगी खोचून वर चढायचे, एकूण एक कौल उतरवायचे, साफ करून पुन्हा चढवायचे. गडी लावायचा नाही. "गड्याला काय कळतंय? प्रत्येक कौलाची जागा ठरलेली असते," असं म्हणून कौलांवर खडूने नंबर टाकायचे. एका वर्षी नंबर टाकून झाल्यावर त्यांनी सगळी कौलं स्वच्छ धुतली. मग दोन दिवस अंगणात कौलांची ओळखपरेड चालली होती, आणि पंच म्हणून मी.

कौल तडकलंय का, हे ते बोटाने टकटक करून आवाजावरून ओळखत. ही खोड पुढे कलिंगडापासून हिंदमाताच्या बाजारातल्या कापडदुकानाच्या काउंटरपर्यंत पसरली. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवरही टकटक केली आणि भाचीला म्हणाले, "तडा नाही. कर."

या सगळ्यात मामींचं काम एकच, खाली शिडी धरून उभं राहायचं. 'आता पत्रे घाला, तुमचं वय झालं' हे त्या किती वर्षं सांगत होत्या. मामा सत्तरी ओलांडून गेले तरी उत्तर तेच, "पत्र्याखाली माणूस भाजतो." आणि गेल्या मे महिन्यात हा गृहस्थ अर्ध्या कामातून खाली उतरला आणि म्हणाला, "जावईबापू, पत्रेवाल्याला फोन लावा." मी चाट पडलो. गल्लीत त्यांनी सांगून टाकलं की हल्ली कौलांना पूर्वीचा आवाज राहिला नाही. मला मात्र बाजूला घेऊन म्हणाले, "शिडी थरथरत होती हो. हिचे हात थकले. मी पडलो तर हिच्यावरच पडेन."

पत्रे चढायच्या दिवशी मामा पहिल्यांदाच खाली, मामींच्या शेजारी उभे. तोंडाचा पट्टा अखंड चालू. "मेल्या, जाड वाशावर पाय दे, त्या बारक्या रिपेवर नको. तो पत्रा आधी घे. तो नाही, पलीकडचा." एवढ्यात वरच्या कारागिराचा पाय जरासा घसरला. तो लगेच सावरला, हसलासुद्धा. पण मामांनी मामींचा दंड गच्च धरला होता.

"तू दरवर्षी हे इथून बघायचीस?"

"मग आणखी कुठून बघणार?"

"कधी बोलली नाहीस."

"बोलत होते की," मामी शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही वर असायचात. ऐकू येत नसेल."

मामांनी त्यांचा दंड सोडला नाही. वरून कारागीर विचारत होता, पुढचा पत्रा कुठला घेऊ, आणि त्याला उत्तर द्यायला कोणी नव्हतं.