मीरासाबचा अंगठा आणि पुढचं चाक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पंक्चर काढायचं आणि हवा भरायचं दुकान चालवणाऱ्या मीरासाबचा उजवा अंगठा ही पेठेच्या अभिमानाची गोष्ट होती. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी हवा मोजायला यंत्र म्हणून हातात धरलं नव्हतं. टायरला अंगठा रुतवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. तोही फळांच्या भाषेत. "कच्चा पेरू झालाय" म्हणजे हवा जास्त. "पिकला चिक्कू" म्हणजे कमी. बरोबर असली की "पाडाचा आंबा". गिऱ्हाइकं एवढ्यावर समाधानानं गाडीला किक मारायची, आणि आश्चर्य म्हणजे कुणी पडायचं नाही.

पुढं पुढं हा अंगठा टायरपुरता राहिला नाही. बाजारात कलिंगडं, घरात तापलेल्या पोरांची पोटं, शेजाऱ्यांच्या गाद्या, काही म्हणून सुटलं नाही. मुलगी नजीराला बघायला एक स्थळ आलं, तेव्हा मीरासाबनी भर बैठकीत मुलाचा दंड दाबला आणि "हवा कमी हाय" असं सांगून टाकलं. पाहुणे चहा न पिता उठले. बायको रशिदा त्या दिवसापासून अंगठ्याचं नाव निघालं की कपाळावर हात मारून घ्यायची.

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. गावाबाहेरच्या एका मोकळ्या शेतात मोटरसायकलींची शर्यत ठरली. पेठेच्या तालमीतर्फे हंबीरराव उतरणार होता. हा मूळचा पैलवान. गुडघा निसटल्यावर त्यानं कुस्ती सोडली आणि येझदी घेतली. वजन मात्र कुस्तीतलंच, पंच्याण्णव किलो. त्याच्याविरुद्ध मंगळवार पेठेचा बाळासो. बाळासोनं मुंबईहून हवा मोजायचं गेज मागवलं होतं आणि ते तो खिशाला पेनासारखं लावून हिंडायचा.

एके दिवशी चहाच्या हॉटेलात बाळासो सगळ्यांदेखत म्हणाला, "चाचा, अंगठ्याचं दिवस गेलं आता. कंपनीच्या पुस्तकात पंचवीस पौंड लिवलंय, म्हंजे पंचवीस. तुमच्या पेरू-चिक्कूवर शर्यत हुतीया व्हय?"

मीरासाबचा चहा बशीतच राहिला. "ऐक," ते म्हणाले, "हंबीररावची चाकं घसरून त्यो पडला, तर ह्यो अंगठा परत टायरला लागणार न्हाय. तुझं गेज गळ्यात बांधून दुकानात बसतो."

बोलून तर बसले. घरी आल्यावर रशिदानं हजेरी घेतली. "बावीस वर्साचं नाव त्या पैलवानाच्या बुडाखाली ठेवून आलासा! त्याला सरळ चालताना बघितलंय का कुणी?"

पहिला प्रश्न टायर निवडायचा. तालमीचे वस्ताद आण्णा एकदम नवीन, काळेभोर, बारीक रेघांचे टायर घेऊन आले आणि त्यांना हार घालून मोकळे झाले. मीरासाबनी रबरात नख रुतवून बघितलं, मंडईत बायका भेंडीचा शेंडा मोडून बघतात तसं. नख रुतलं नाही. "ह्यो डांबरी रस्त्यावरचा गडी हाय आण्णा. ओल्या मातीत ह्या रेघा भरल्या, की चाक साबणावानी पळणार. आपल्याला मोठ्या ठोकळ्यांचा पायजे, माती उकरणारा. आणि रबर कवळं पायजे, म्हंजे धरतंय."

तसे टायर गडहिंग्लजला त्यांच्या ओळखीच्या हुसेनकडे पडून होते. दिसायला इतके ओबडधोबड, की कुणी फुकटसुद्धा नेले नसते. मीरासाबचं नख मात्र बरोबर रुतलं. येताना एसटीचा कंडक्टर टायरचं तिकीट मागायला लागला, तेव्हा त्यांनी दोन्ही गळ्यात घातले आणि "दागिना हाय" म्हणून सांगितलं. कोल्हापूर येईपर्यंत ते मान न हलवता बसून होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तालमीच्या अंगणात हवेचं काम झालं. हंबीररावला आधी पोटभर जेवायला घातलं आणि मग हेल्मेट-बुटांसकट गाडीवर बसवलं, कारण चाक दबतं ते वजनानं. मीरासाब एकदा मागच्या चाकाशी, एकदा पुढच्या, असं तासभर करत होते. थोडी हवा सोडायची, दाबायचं, पुन्हा सोडायची. "घट्ट टायर गोटीवानी उडतोय," ते गर्दीला समजावत होते. "जरा सैल ठेवला की जमिनीला मिठी मारतोय. लईच सैल केला तर आतली ट्यूब चिमटून फुटंल. ह्यो बगा, पाडाचा आंबा. आता कुणी हात लावायचा न्हाय."

हात लावायचा नाही असं शिवाजी पेठेला सांगणं म्हणजे काय, हे ज्यांना पेठ ठाऊक आहे त्यांनाच कळेल. तिथं कुस्तीच्या आधी पैलवानाला घराघरातून खुराक जातो. कुणी दूध, कुणी तूप, कुणी बदाम, आणि पैलवान नको म्हणाला तरी तोंडात कोंबतात. गाडी रात्रभर तालमीत उभी होती आणि पेठेतल्या प्रत्येकाला आता अंगठा फुटला होता.

रविवारी शर्यतीच्या जागी मीरासाब सुरुवातीच्या रेषेवर गेले, सहज म्हणून मागचं चाक दाबलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढचं दाबलं. दगड! पाडाचा आंबा गेला आणि पाट्यावरचा वरवंटा आला होता.

"कुणी भरली हवा?" ते ओरडले.

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मग दूधवाला ज्ञानू हळूच म्हणाला, "चाचा, मी पाच पंप मारलं. बघितलं तर गाडी उपाशी दिसली."

"उपाशी?"

"पैलवानाची गाडी अशी मऊ बरी दिसंना."

वस्ताद आण्णांनी घसा खाकरला. त्यांनी पंधरा मारले होते, दोन्ही चाकांना, आणि मागच्याला वर चार जास्त. हंबीररावची आई धोंडुबाई पुढं आली. तिनं चाकांना हळद-कुंकू लावून शेजाऱ्याकडून दहा मारून घेतले होते. "लेकरू बसणार त्याच्यावर," ती म्हणाली, "कमी पडाय नगं." एकेकजण कबूल करत गेला. मीरासाबनी बोटांवर मोजायचं सोडून दिलं. रागानं त्यांचा आवाज चिरकत होता.

"आणि कोण ऱ्हायलंय?"

धोंडुबाईच्या मागून रशिदा म्हणाली, "मी."

"तू?"

"पहाटं जाऊन दाबून बघितलं. मऊ लागलं. म्हटलं ह्यांचा अंगठा चुकला, आणि आता गळ्यात गेज बांधून बसत्यात. सा पंप मारलं." तिचे डोळे भरून आले होते.

ज्या अंगठ्याचं नाव निघालं की ती कपाळावर हात मारून घ्यायची, त्याचं नाव जाऊ नये म्हणून ही बाई पहाटे तालमीत जाऊन पंप मारून आली होती. मीरासाबना तिची फार कीव आली आणि फार प्रेमही आलं, आणि दोन्हीला आत्ता सवड नव्हती. आयोजकानं कर्ण्यावरून दोन मिनिटं उरल्याचं सांगितलं.

बाळासोनं गेज पुढं केलं. "घ्या चाचा. आता तरी घ्या."

"ठेव तुझ्याजवळ." ते मागच्या चाकाशी बसले आणि व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा सुसाट निघाली. पण दोन्ही चाकं एकट्यानं होणार नाहीत हे उघड होतं. "रशिदा! पुढचं घे!"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"भाकरीचं पीठ मळतीस न्हवं? थापायच्या आधी जसं लागतंय तसं लागू दे. त्याच्यापरीस जरा घट्ट."

रशिदानं पदर खोचला, केसातली पिन काढली आणि पुढच्या चाकाला भिडली. नवराबायको गाडीच्या दोन टोकांना बसून हवा सोडत होते, मध्ये पंच्याण्णव किलोचा हंबीरराव डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. झेंडा पडला तेव्हा रशिदा जेमतेम बाजूला झाली.

शेताच्या पलीकडच्या वळणावर पाटाचं पाणी झिरपून चिखल झाला होता. तिसऱ्या फेरीला बाळासो तिथं आला, त्याचं पुढचं चाक सटकलं आणि तो गाडी सोडून एकटाच पुढं गेला. बरोबर पंचवीस पौंड होते. त्याच्या मागोमाग हंबीरराव आला. मीरासाबनी डोळे झाकून घेतले. येझदी वळणावर वाकली, पुढच्या चाकानं चिखलाला दात लावल्यासारखं धरलं आणि पैलवान सरळ बाहेर निघाला. शर्यतीच्या दहाही फेऱ्यांत तो पडला नाही.

हंबीरराव दुसरा आला. पहिला सांगलीचा कुणीतरी होता, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मंगळवार पेठ चिखलात आणि आपण गाडीवर, याहून मोठा विजय शिवाजी पेठेला माहीत नव्हता. हलगी कडाडली. लोकांनी मीरासाबना खांद्यावर घेतलं, त्यांच्या अंगठ्याला गुलाल लावला, आण्णांनी तर त्याचा मुका घेतला.

"अरं, पुढचं चाक माझं न्हवतं!" मीरासाब वरून ओरडत होते. "वळणावर पुढचंच चाक धरतंय!" हलगीपुढं कुणाला काय ऐकू येणार?

घरी येताना रशिदाच म्हणाली, "आता गप ऱ्हावा. नाव ऱ्हायलं न्हवं? मग झालं तर."

पुढचं चाक कुणी बघितलं हे कुणालाही कळणार नव्हतं, हे मीरासाबनाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी दुकानापुढं गर्दी उसळली. सगळ्या पेठेला त्या अंगठ्याकडूनच हवा बघून घ्यायची होती. पहिला नंबर ज्ञानूच्या राजदूतचा. मीरासाबनी मागचं चाक दाबलं, ठीक म्हणाले, पुढच्या चाकाशी आले आणि थांबले. मग रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी घराकडं हाक मारली. "रशिदा! बाहीर ये. पुढचं चाक बघ."

"चाचा, तुमीच बघा की," ज्ञानू म्हणाला.

"पुढचं तिच्याकडं हाय. काल बी तिनंच बघितलंवतं, म्हणून पैलवान उभा ऱ्हायला."

रशिदा पिठाच्या हातानं दारात आली. एवढे लोक बघून ती लाजली, नवऱ्याकडं रागानं बघितलं, पण खाली बसली आणि अंगठा रुतवला. काळ्या टायरवर पिठाचा पांढरा ठसा उमटला.

"कमी हाय," ती म्हणाली. "चार पंप मारा."

मीरासाबनी निमूटपणे पंप उचलला आणि चार मारले.